पूजेतून उचललेला लॅपटॉप

उमराळे
३ ऑक्टोबर २०२५

तुळशीदास भावजींना,

मालनचा नमस्कार. रीत म्हणून लिहिला आहे, फार मनावर घेऊ नये. आपला नऊ वर्षांचा अबोला मी मोडत नाही. घरपट्टी, उतारे, तुमच्या भावाचं तेरावं, सगळं आजवर कागदावरूनच चाललं, तसंच हेही. फ्लॉईडचा पावाचा टेम्पो रोज सकाळी तुमच्या एव्हरशाईन सिटीत जातो, त्याच्याकडे हे पत्र देते आहे. तुमच्यासाठी पोस्टाचं तिकीट चिकटवायची माझी इच्छा नाही.

परवा खंडेनवमीला तुम्ही, जाऊबाई आणि तुमचा प्रीतम आलात. एरवी तुमच्या वाटणीच्या वाडीत आलात तरी मधल्या बावखलाच्या, त्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, त्या काठावरून या काठाकडे बघतही नाही, पण हत्यारांच्या पूजेला मात्र येता, कारण सासूबाई जाताना सांगून गेल्या की कोयते वाटून घ्या, पूजा वाटू नका. पाटावर कोयते, विळे, पावडं आणि पंपाचे पाने मांडले होते. त्यांच्या शेजारी यंदा पहिल्यांदाच माझा लॅपटॉप होता. ज्यावर हात चालतो ते हत्यार, असं मला वाटतं. हळदकुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला कुणी शिवत नाही, ही आपल्या घरची रीत. त्यामुळे मी निर्धास्त होते. दसऱ्याला सकाळी पाहिलं तर कोयते जागच्या जागी आणि लॅपटॉप नाही. चार्जरही नाही. म्हणजे चोर विचारी होता.

पोलिसांनी त्या दिवशी घरी आलेल्यांची नावं मागितली. तुम्ही तिघं, माझ्या वाडीत कामाला येणारा काळूराम, आणि दुधी भोपळा द्यायला आलेली फ्लॉईडची आई क्लेमेंटीन. तुमचं नाव दिलं आहे, राग मानू नये. मानलात तरी हरकत नाही.

त्यात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. चौदा नोव्हेंबरला तहसीलदारांपुढे तुमच्याच अर्जाची सुनावणी आहे. 'सदर जागेत कोणतेही बावखल नाही, केवळ पडीक खड्डा आहे, तो भराव टाकून सपाट करण्यास परवानगी मिळावी.' वाचून मला हसू आलं होतं. ज्या पाण्यावर तुमच्या पानवेली वाढल्या, त्यात तुम्हाला खड्डा दिसतो. पण उताऱ्यावर बावखलाची नोंद नाही, आणि मे महिन्यात तुम्ही तुमच्या बाजूने डंपर ओतून घेतलेत. आता त्या बाजूलाही पाणी होतं हे दाखवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. २०१७ पासून तुमच्या भावाने, आणि ते गेल्यावर मी, दर महिन्याच्या एक तारखेला काढलेले फोटो. काळूराम बांबू धरून पाण्यात उभा, बांबूवर फुटांच्या खुणा. शहाण्णव फोटो. कॅमेऱ्यात या महिन्याचा एकच उरला आहे. माझी भाची अक्षया सांगत होती की त्यांची एक प्रत इंटरनेटवर ठेव. मी म्हटलं, माझ्या घरची वस्तू माझ्या घरात राहील. मूर्खपणा माझा, तो मी कबूल करते.

चोराचा मूर्खपणा मात्र त्याहून मोठा आहे. अक्षयाने त्या यंत्राला असं कुलूप घातलंय की बटण दाबलं की विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागतं. तो दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही, पेनड्राइव्ह लावून पुसता येत नाही, नवीन काही भरता येत नाही. आतली डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी वाचता येत नाही. त्याच्या हाती एक पाट लागलाय. बसायला बरा आहे.

मालन

*

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
६ ऑक्टोबर २०२५

श्रीमती मालनवहिनी यांस,

आपले पत्र मिळाले. भाषेवरून आपली तब्येत उत्तम असल्याचे समजले.

चोरीबद्दल वाईट वाटले. परंतु दोष कुणाचा? ज्या घराचे मागचे दार दिवसभर सताड उघडे, जिथे खाडीकाठचा काळूराम स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि शेजारीण भोपळा घेऊन ओटीवर बसते, तिथे काही शिल्लक राहिले हेच आश्चर्य. आमच्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिले जाते. आणि कोयत्यांच्या शेजारी संगणक मांडून त्याला हळदकुंकू लावणे याला आमच्याकडे अडाणीपणा म्हणतात.

पोलिसांना माझे नाव दिलेत. द्या. मी कै. मातोश्री भागीरथीबाईंची शपथ घेऊन सांगतो की मला त्या यंत्राशी काहीही कर्तव्य नाही. मी आठ वर्षे सोसायटीचा सचिव होतो. माझ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी माणसाने आपले बोट धुवून घ्यावे.

सुनावणीस आपण पुराव्याशिवाय येणार हे दुर्दैव. पण कायदा भावनेवर चालत नाही.

जाता जाता एक शंका, केवळ सर्वसाधारण ज्ञान म्हणून. आमच्या सोसायटीतील एका सभासदाने जुना लॅपटॉप विकत घेतला आहे. त्यालाही सुरुवातीलाच काळा पडदा येतो. नालासोपाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तरी आपल्या भाचीस विचारून, असे यंत्र पूर्ण पुसून नव्याने वापरण्याची काही युक्ती असल्यास कळवावे.

आपला हितचिंतक,
तु. वा. वर्तक
माजी सचिव

*

उमराळे
९ ऑक्टोबर

भावजी,

तुमचं पत्र पुन्हा लग्नपत्रिकेच्या पाठीवर आलं. पुढच्या बाजूला टिफनी आणि सॅमी यांचा विवाह, नंदाखालच्या चर्चमध्ये, सकाळी दहाला. २०१९ सालचा. सहा वर्षं तुम्ही ती पत्रिका सांभाळलीत, कारण तिची पाठ कोरी होती. तुमचे बंधू म्हणायचे, तुळश्या गेलेला बल्बसुद्धा टाकत नाही, न जाणो वीजच सुधारली तर. तुमच्या बाल्कनीत बूड गेलेली निळी बादली अजून आहे असं जाऊबाईंकडून कानावर आलं. ठेवा. माणसाने काहीतरी धरून ठेवावं, नाती नाहीत तर बादली.

तुमच्या त्या सभासदाबद्दल अक्षयाला विचारलं. ती खूप हसली. म्हणाली, तेच तर कुलूप आहे, मालनआत्या. मालकाशिवाय कुणी पुसू शकत नाही, म्हणूनच घातलं. नालासोपाऱ्याचा दुरुस्तीवाला तुमच्या सभासदापेक्षा प्रामाणिक निघाला, त्याने निदान हात टेकले.

पण सभासदाला म्हणावं, फेकून देऊ नको. माझ्या लॅपटॉपसारखाच असेल तर यंत्र झकास आहे. दोनच वर्षांपूर्वीचा, पडदा आरशासारखा, बॅटरी दिवसभर जाते. असली वस्तू भंगारात घालणं कपाळकरंटेपणा होईल. आणि पासवर्ड काही ब्रह्मदेवाने लिहिलेला नसतो. माझा तर साधं एक नाव आहे. आमच्या वाडीत ते दिवसातून दहा वेळा घेतलं जातं. आमच्या घरचं मीठ खाल्लेल्या माणसाला विचार न करता सुचावं. तीन वेळा चुकलं की यंत्र बंद पडतं, पुन्हा चालू करून पुन्हा तीनदा चुकता येतं. यंत्र थकत नाही. गाढव थकतं.

काळूरामबद्दल जे लिहिलंत त्याबद्दल एवढंच, की तो माणूस आठ वर्षं दर महिन्याला माझ्यासाठी छातीभर पाण्यात उभा राहिला. तुम्ही तुमच्या भावाच्या शेवटच्या आजारपणात दारातही उभे राहिला नाहीत.

मालन

*

एव्हरशाईन सिटी
१५ ऑक्टोबर २०२५

श्रीमती मालनवहिनी यांस,

कागदाची पाठ वाया घालवू नये ही शिकवण मला माझ्या आईने दिली. ज्यांच्याकडे शिकवण नाही त्यांनी कोरे कागद जरूर वापरावेत. (हे पत्र सत्यनारायणाच्या निमंत्रणावर आहे. पूजेस आपण आला नव्हतात.)

सभासदाने प्रयत्न केले. कुलदैवत, गावदेवी, मूळ मालकाच्या पतीचे नाव, गावाचे नाव, सगळे झाले. हा गृहस्थ चिकाटीचा आहे. रोज जेवण झाल्यावर तासभर बसतो. त्याच्या पत्नीने बोलणे टाकले आहे. सर्वसाधारणपणे बायका पासवर्ड म्हणून कुणाचे नाव ठेवतात, हे आपण स्त्री असल्याने सांगू शकाल. माहेरचे की सासरचे?

आता मुद्द्याचे. ते खड्ड्याचे प्रकरण आपण सोडून द्यावे हे बरे. त्यात डास होतात. जग कुठे चालले आहे आणि आपण अजून पाणी मोजत बसला आहात. तिथे सहा खोल्यांची चाळ उभी राहिली तर आपल्या बाजूलाही दोन देण्यास मी तयार आहे. पुराव्याविना सुनावणीत उभे राहून हसे करून घेण्यापेक्षा हे सन्मानाचे. प्रीतमचेही हेच मत आहे आणि तो इंजिनिअर आहे.

आपला हितचिंतक,
तु. वा. वर्तक
माजी सचिव

*

उमराळे
१९ ऑक्टोबर

भावजी,

दिवाळी आली. तुमच्या पत्राने फराळाची चव गेली, पण करंज्या तळून झाल्यावर वाचलं म्हणून बरं.

प्रीतम इंजिनिअर आहे हे मी विसरले नव्हते. त्या इंजिनिअरला एवढं कळत नाही का, की बावखल बुजलं की उन्हाळ्यात खारं पाणी आत येतं आणि विहिरी मचूळ होतात? माझी, क्लेमेंटीनची आणि मागच्या वाडीतली, तिन्ही विहिरी त्या एका पाण्यावर गोड आहेत. वाटणीत अर्धं बावखल तुमच्याकडे आलं आणि अर्धं माझ्याकडे, पण पाण्याच्या मधोमध कुंपण घालता येत नाही. तुमची अर्धी बाजू बुजली की माझी अर्धी मरते. मग पानवेल गेली, केळी गेल्या, आणि मी तुमच्या चाळीच्या दोन खोल्यांत बसून टँकरची वाट बघायची. याला तुम्ही सन्मान म्हणता. काळूरामला सांगितलं तर तो म्हणाला, "पानी बोलत नाय वहिनी, म्हनून तर मी बांबू धरतो." सहा यत्ता शिकलाय. इंजिनिअर नाही.

त्या फोटोंचं मला किती लागलंय ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. मार्च २०२२ च्या एक तारखेला तुमचे भाऊ पलंगावरून उठू शकत नव्हते. त्यांनी मला खुर्ची काठावर न्यायला लावली आणि बसून फोटो काढला. हात हलल्यामुळे काळूराम धूसर आला आहे. नऊ दिवसांनी ते गेले. त्यानंतर मी रडले नाही असं लिहिणार होते. दसऱ्याला पाटावरची लॅपटॉपची जागा बघून रडले. पुरावा गेला म्हणून नाही, तो एक धूसर फोटो गेला म्हणून.

तुमच्या सभासदाची मात्र मला कीव येते. रोज तासभर दुसऱ्याच्या घरातली नावं आठवत बसायचं, आणि आठवू नयेत. केवढं दारिद्र्य ते. माहेरचं की सासरचं विचारलंत. सासरचं. सांगा त्याला, आणखी एक महिना बसेल बिचारा.

अक्षया म्हणते, अशा यंत्राला दोनच दारं असतात. एक पासवर्ड. दुसरं, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथे खरेदीचं मूळ बिल आणि ओळखपत्र दाखवलं की ते लोक कुलूप काढून देतात. माझं बिल कपाटात, पत्र्याच्या डब्यात आहे. ते चोराला कुठून मिळणार? म्हणून त्या बाजूने मी निश्चिंत आहे.

जाऊबाईंना दिवाळीच्या शुभेच्छा. त्यांनी बोलणं टाकलं ते योग्य केलं.

मालन

*

एव्हरशाईन सिटी
२५ ऑक्टोबर २०२५

ती. मालनवहिनी यांस सादर नमस्कार,

परवा भाऊबीज झाली. सणासुदीला मनुष्य मागे वळून पाहतो. दादाच्या फोटोबद्दल आपण लिहिलेत ते वाचून मला झोप लागली नाही. किती केले तरी आपण एका आईच्या घरातली माणसे. कागदावर कागद लिहून आपण काय मिळवले, असा विचार मनात आला.

म्हणून ठरवले की जुने विसरून आपल्याला मदत करावी. माझ्या ओळखीचे एक वरिष्ठ अधिकारी आहेत. ते चोरीचा तपास जातीने करतील, परंतु त्यासाठी लॅपटॉपचे मूळ बिल लागेल. झेरॉक्स चालत नाही, मूळच लागते. सोबत आपल्या ओळखपत्राची एक प्रत, आणि 'मी माझे दीर यांस माझ्या वतीने व्यवहार करण्यास अधिकार देत आहे' असे दोन ओळींचे पत्र सहीनिशी. फ्लॉईडबरोबर पाठवावे. सुनावणीआधी काम होईल असे वचन देता येत नाही, परंतु यंत्र सापडले तर आपल्या दारात आणून देईन.

या पत्रासाठी नवा कागद वापरला आहे, कृपया नोंद घ्यावी.

आपला धाकटा दीर,
तुळशीदास

*

उमराळे
२७ ऑक्टोबर

भावजी,

तुमच्या पत्राने मला किती आनंद झाला ते कसं सांगू. नवा कागद पाहून तर डोळेच भरले. आमच्यासारख्या अडाण्यांना वरिष्ठ अधिकारी कुठून माहीत असणार. तुमच्याशिवाय मला कोण आहे?

मूळ बिल, ओळखपत्राची प्रत आणि अधिकारपत्र सोबत पाठवते आहे. बिल जपून ठेवा. त्याच्या पाठीवर काही लिहू नका.

सासूबाई नेहमी म्हणायच्या, तुळशीदास शेवटी कामाला येईल. आज पटलं.

मालन

*

उमराळे
८ नोव्हेंबर

तुळशीदास भावजी,

परवा, गुरुवारी, दुपारी बारा वाजता तुम्ही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझा लॅपटॉप ठेवलात. तिथल्या मुलीने नंबर घातला आणि तिच्या पडद्यावर 'चोरीस गेलेला' असं आलं, कारण अक्षयाने दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस तक्रारीची प्रत कंपनीला पाठवून तो नंबर नोंदवून ठेवला होता. हे एवढं मी तुम्हाला कळवलं नव्हतं. बाकी कुलुपाबद्दल जे लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मुलीने तुम्हाला पाणी दिलं, फॉर्म भरून घेतला आणि सोमवारी या म्हणाली. मग तिने बिलावरच्या नंबरवर फोन लावला. तुम्ही अजून सोमवारची वाट बघत असाल. जाऊ नका. काल अक्षया पुण्याहून आली आणि आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन आलो.

फॉर्मची प्रत माझ्यापुढे आहे. ग्राहकाचं नाव, तु. वा. वर्तक. काम काय, 'पूर्ण पुसून नवीन करून देणे'. मालकाशी नातं, 'दीर'. खाली तुमची सही, आणि सहीखाली 'माजी सचिव'. भावजी, चोरी करतानासुद्धा तुम्हाला हुद्दा लागतो.

आता खरं सांगते. तुमच्यावर मला संशय कधीच आला नाही. संशय यायला थोडी शंका लागते. दसऱ्याला सकाळी मी पाट पाहिला तेव्हा लॅपटॉपच्या जागी एक सुपारी होती. मांडलेल्या पूजेतली वस्तू उचलायची तर जागा मोकळी ठेवायची नाही, सुपारी ठेवायची, ही शिस्त तुमच्या आईची. गावात दुसऱ्या कुठल्या घरात नाही. काळूरामला ती माहीत नाही, क्लेमेंटीनचा प्रश्नच नाही, आणि प्रीतमला सुपारी आणि जायफळ यांतला फरक कळत नाही. भावाच्या बायकोचा पुरावा चोरायला तुमचा हात थरथरला नाही, पण देवाची जागा मोकळी ठेवायला थरथरला. पोलिसांना मी सुपारी दाखवली नाही. त्यांना काय कळणार?

मला भीती एकच होती. तुम्ही तो बावखलात फेकून दिला असता तर माझं सगळं संपलं होतं. पाच मिनिटांचं काम. पण मला माझा दीर ठाऊक आहे. पुरावा नष्ट व्हावा आणि लॅपटॉपही वापरायला मिळावा, दोन्ही हवं. चांगली चालती वस्तू फेकणं तुमच्याच्याने होणार नाही, म्हणून मी प्रत्येक पत्रात ती किती चांगली आहे ते लिहीत गेले. अक्षयाने घातलेलं कुलूप चोरापासून राखत होतं, तुमचा हावरेपणा तुमच्यापासून. एक महिना मी झोपले ती तुमच्या कंजूषपणाच्या भरवशावर. दुसऱ्या कशाचा भरवसा तुम्ही ठेवलाच नव्हतात.

सगळे फोटो आहेत. तो धूसरही आहे. आता इंटरनेटवरही आहेत, अक्षयाकडेही आहेत आणि क्लेमेंटीनच्या नातवाच्या मोबाईलमध्येही आहेत.

तक्रार मी काल मागे घेतली. 'वस्तू घरच्याच माणसाकडे सापडली' असं लिहून दिलं. हवालदार हसला. फॉर्म तहसीलदारांना दाखवणार नाही. भागीरथीबाईंच्या मुलाला चारचौघांत चोर म्हणणारी मी होणार नाही, तेवढं मी त्या बाईचं खाल्लंय. चौदा तारखेला मी फक्त पाणी दाखवणार आहे. तुम्ही समोर उभे राहा आणि म्हणा की ते पाणी नाही. तुम्ही म्हणाल, तुमच्याबद्दल मला आता कसलंच नवल उरलेलं नाही.

राहिला पासवर्ड. तुमच्या सभासदाने महिनाभर खाल्लेला मार बघून सांगायला हवा. तुम्ही ज्याला खड्डा म्हणता, त्यात दर वैशाखात तुमची आई कंबरेएवढ्या गाळात उतरायची. साठीतसुद्धा उतरायची. माणसं लावूया म्हटलं तर म्हणायची, माणसं गाळ काढतील पण झरे बुजवून ठेवतील. म्हणून गावात त्याला आजही तिच्या नावाने भागीरथीचं बावखल म्हणतात. तेच नाव होतं. सहा ऑक्टोबरच्या पत्रात ते तुम्ही स्वतःच्या हाताने मला लिहून पाठवलं होतंत. खोटी शपथ घेताना आठवलं, कुलूप उघडताना आठवलं नाही.

सुपारी सोबत परत पाठवते आहे. ती तुमची आहे.

मालन

*

एव्हरशाईन सिटी
१२ नोव्हेंबर २०२५

मालनवहिनी,

सुपारी मिळाली.

काही गोष्टी स्पष्ट करणे भाग आहे. लॅपटॉप मी उचलला तो काही वेळापुरता, फोटो पाहून परत ठेवण्यासाठी. हे आपल्याला पटणार नाही. लिहिताना मलाही पटले नाही, पण खोडले तर कागद खराब दिसेल. बिलावरून, अधिकारपत्रावरून आपण जे केलेत त्याला सरळपणा म्हणत नाहीत. आपल्या भाचीने सरकारी नोकरीत जावे, तिथे अशी माणसे लागतात. आणि यंत्र आपण सांगितलेत तेवढे चांगले नाही, बिजागरी ढिली आहे.

काल तहसील कार्यालयात गेलो होतो. शुक्रवारी आपण येण्याची आवश्यकता नाही. हे पत्र ज्या कागदावर लिहीत आहे तो माझ्या अर्जाची प्रत आहे. उलटून पाहिल्यास 'अर्जदाराने मागे घेतला' असा शिक्का दिसेल. पाठ कोरी होती, म्हणून वापरली. पुढची बाजू आपल्या कामाची आहे, जपून ठेवावी. भराव काढण्यास डंपरवाल्याला सांगितले आहे. तो हसला. आजकाल सगळेच हसतात.

हे मी आपल्या पत्राला घाबरून केले असे आपण गावात सांगाल. सांगा.

मी एकंदर एकेचाळीस नावे घातली. पहिले माझे घातले. मग प्रीतमचे, दादाचे, आपले, देवांची, गावाची, एकदा काळूरामचेसुद्धा. हिने विचारले, काय शोधताय, तर म्हटले घरातलेच एक नाव आहे, सुचत नाही. ती म्हणाली, घरातले नाव असून सुचत नाही?

आईचे नाव मला सुचले नाही. बाकी काय हवे ते म्हणा, हे खरे आहे.

पुढच्या वैशाखात गाळ काढाल तेव्हा कळवावे. माणसे झरे बुजवतात.

तुळशीदास